दोन इंचाची लिफ्ट: टेप कुठून कुठे धरायचा?

पाऊस तोंडावर आला की या सदराकडे येणारी निम्मी पत्रे गाडी उचलण्याविषयी, म्हणजे लिफ्ट किट बसवून सस्पेन्शनची उंची वाढवण्याविषयी असतात. गाड्या वेगवेगळ्या, गोंधळ बहुतेक एकच. म्हणून या खेपेस ती सगळी एकत्र घेतली आहेत.

प्रश्न: जिम्नीला दोन इंचाची लिफ्ट किट बसवली. जमिनीपासून मडगार्डपर्यंत मोजले तर पावणेतीन इंच वाढ दिसते. किट चुकीची दिली का? टायरही २३५/७५ आर १५ घातले आहेत. (वाळपई)

टायरचे तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलेत, आणि सगळे उत्तर तिथेच आहे. कंपनीच्या १९५/८० आर १५ टायरचा व्यास ६९३ मिमी, तुमच्या नव्याचा साधारण ७३३. फरक ४० मिमी. त्यातला निम्मा एक्सलच्या वर राहतो, म्हणून गाडी टायरमुळे २० मिमी उचलली. एकूण वाढ ७० मिमी, त्यातून २० वजा केले की उरतात ५०. किट बरोबर आहे, माप चुकीच्या जागेवरून घेतले.

लिफ्ट जमिनीपासून मोजायचीच नाही. जमिनीपासून मोजले की टायरचा आकार, झिजलेली नक्षी, हवेचा दाब असे सगळे त्या आकड्यात शिरते. टेपचे एक टोक हबच्या (चाकाच्या केंद्राच्या) मधोमध धरा, दुसरे सरळ वर मडगार्डच्या कडेला. हे माप किट उघडण्याआधी चारही चाकांना घ्या आणि कागदावर लिहून ठेवा. एका बाजूचे घेऊन दुसरी तशीच असेल असे मानू नका, थोडाफार फरक नव्या गाडीतही असतो. फरशी सपाट हवी, टाकीत डिझेल-पेट्रोल दोन्ही वेळा सारखेच हवे, मागे सामान नको. जॅकवरून उतरवलेली गाडी लगेच मोजली तर माप खोटे येते. ती थोडी पुढे-मागे ढकला, चारही कोपरे दाबून सोडा, मग टेप काढा. नव्या स्प्रिंगा काही दिवस चालल्यावर जरा बसतात, म्हणून महिन्याभराने पुन्हा मोजा. पुढे लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी दोराने ओढणारे यंत्र) चढवली असेल तर तिथली वाढ कमी दिसणारच, तो दोष किटचा नाही.

आणखी एक, जे घाईतले गॅरेज हमखास चुकवते. कंट्रोल आर्मचे (चाक किंवा एक्सल चॅसिसला जोडणाऱ्या दांड्यांचे) बोल्ट चाके लोंबकळत असताना पक्के आवळले तर आतले रबरी बुश त्याच स्थितीत पिळले जातात. गाडी वाजवीपेक्षा उंच दिसते, गिऱ्हाईक खूश होते, आणि पुढे बुश फाटतात. बोल्ट गाडी स्वतःच्या वजनावर उभी असतानाच आवळायचे. खोक्यावर ‘दोन इंच’ छापलेले असते ते कुठल्या मॉडेलला, किती वजनाला, हे दुकानदाराला विचारा. उत्तर आले नाही तर किट तिथेच ठेवा. आधीचे माप घेतले नसेल तर त्याच मॉडेलची, काहीही न बदललेली गाडी मोजून अंदाज बांधता येईल, पण अंदाजच.

प्रश्न: २०२० नंतरच्या थारला पुढे एक इंचाचा स्पेसर (स्प्रिंगच्या वर बसणारी जाड चकती) टाकला, गाडी जवळजवळ दोन इंच उचलली. हे कसे? (फोंडा)

तुमच्या गाडीचे पुढचे सस्पेन्शन स्वतंत्र आहे, म्हणजे दोन्ही चाके वेगवेगळी हलतात. स्प्रिंग खालच्या आर्मवर चाकापेक्षा आतल्या बाजूला टेकते, त्यामुळे वरचा एक इंच चाकापाशी जवळजवळ दुप्पट होतो. ‘फक्त एक इंच, काही होत नाही’ म्हणून विकतात ते हेच. ड्राइव्ह शाफ्टचे सीव्ही जॉइंट आणि वरचा बॉल जॉइंट (चाक फिरवणारे आणि वळू देणारे सांधे) चाक लोंबल्यावर कुठल्या कोनात जातात हे गॅरेजमध्ये गाडी वर उचलून तपासून घ्या, ब्रेकच्या नळ्या ताणल्या जातात का तेही. तोवर खराब वाटेवर नेऊ नका.

प्रश्न: जिप्सीला पाट्यांच्या स्प्रिंगखाली ब्लॉक (लोखंडी ठोकळे) पुढेही टाकावेत का? (डिचोली)

पुढे कधीच नाही. मागे पाट्या एक्सलच्या वर बसवलेल्या असतील तरच ब्लॉकची उंची तीच लिफ्ट. शॅकल (पाट्यांचे टोक चॅसिसला टांगणारी कडी) लांब केला तर जेवढा वाढवला त्याच्या साधारण निम्मी.

प्रश्न: लिफ्ट करूनही कुळागराच्या वाटेवर मधल्या चिऱ्याला डिफरेन्शियल (एक्सलवरचा गिअरचा फुगीर गोळा) घासतेच. अजून एक इंच वाढवू? (सत्तरी)

तुमच्या गाडीला सलग एक्सल (दोन्ही चाकांना जोडणारा एकच कडक दांडा) असेल तर तीन इंच वाढवूनही ते घासणारच. स्प्रिंग एक्सलच्या वरचे सगळे उचलते, डिफरेन्शियल तिथेच राहते. ते फक्त टायरने वर येते. वाट बदला, नाहीतर तो चिरा काढा.

प्रश्न: लिफ्टनंतर जिम्नीचे स्टिअरिंग सैल वाटते, खड्ड्यावरून गेले की थरथरते. मेस्त्री म्हणतो बॅलन्सिंग करा. सहा आठवडे झाले, रोज चोर्लातून ये-जा असते. (साखळी)

सहा आठवडे, तेही घाटात! बॅलन्सिंग हजार वेळा केले तरी हे जाणार नाही. सलग एक्सलची गाडी उचलली की एक्सल फिरतो आणि कॅस्टर कोन (पुढची चाके आपोआप सरळ ठेवणारा स्टिअरिंगच्या आसाचा कल) कमी होतो. पॅनहार्ड रॉड (एक्सल आडवा सरकू न देणारा दांडा) एक्सलला एका बाजूला ओढतो. कॅस्टर सुधारणारे बुश आणि लांबी बदलता येणारा पॅनहार्ड रॉड हे किटबरोबरच घ्यायचे असते. स्वस्त किटमध्ये नेमके तेच नसते. आज कॉम्प्युटर अलाइनमेंट करून कॅस्टरचा आकडा छापून घ्या, तो आणि गाडी दोन्ही चॅसिसच्या जाणकाराला दाखवा. घाट तोपर्यंत बंद.

प्रश्न: दुकानदार म्हणतो ही किट ‘रोड लीगल’ आहे. खरे का? (म्हापसा)

दुकानदार कायदा करत नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ने कंपनीच्या मूळ तपशिलात मनमानी बदलाला मनाई आहे, २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानेही तेच सांगितले. कलम १८२अ खाली मालकाला प्रत्येक बदलासाठी पाच हजारांचा दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. किट घेण्याआधी तुमच्या आरटीओत आणि विमा कंपनीला लेखी विचारा. अपघातानंतर बिलावरचे ‘लीगल’ कुणी वाचत नाही.

प्रश्न: उचललेली गाडी मोरजीच्या वाळूत चालवली तर? (पेडणे)

नाही. किनाऱ्यावर गाडी नेण्यास बंदी आहे. शिवाय तिथे कासवे अंडी घालतात.

प्रश्न: लिफ्टनंतर समोरचे सगळे डीपर मारतात. (मडगाव)

हेडलाइट खाली करून घ्या. आज संध्याकाळच्या आत.