ससा घरात ठेवायचा की बाल्कनीत? आणि पिंजरा केवढा घ्यायचा?

तुम्ही विचारलंय की दोन महिन्यांचं पिल्लू घरी येणार आहे, तर त्याला बाल्कनीत ठेवू का आत, आणि दुकानदार म्हणतोय तो अडीच फुटी पिंजरा पुरेल का. नाही पुरणार, आणि आतच ठेवा. एवढं ठामपणे सांगतेय कारण या दोन्ही चुका मी स्वतः करून बसलेय.

माझा पहिला ससा आला तेव्हा बाल्कनीत तारेचा पिंजरा, खाली ट्रे, लेंड्या आपोआप खाली पडतात, साफसफाईचं टेन्शन नाही असं मला पटवलं आणि मलाही ते सोयीचं वाटलं. चारेक महिन्यांनी बघते तर हा नीट बसेचना, एकदा हा पाय उचल, एकदा तो. मांडीवर घेऊन मागची टाच बघितली तर केस पार गेलेले आणि खाली नखाएवढा लालबुंद चट्टा. कुत्र्यामांजरांच्या पायाला असते तशी गादी सशाला नसतेच, नुसते दाट केस असतात, त्यामुळे सगळं वजन त्या तारेवर. डॉक्टर म्हणाले मलम देतो पण आधी ती जाळी काढा, नाहीतर मलम लावत बसाल. म्हणून पिंजऱ्याच्या आकाराआधी तळ बघा, सपाट आणि मऊ पाहिजे. गुळगुळीत फरशीही वाईटच, पाय घसरतात, त्यावर जुनी सतरंजी टाका, फक्त तो तिचे धागे खात नाही ना यावर लक्ष ठेवा, पोटात अडकले तर भारी पडतं.

बाल्कनी का नको? एक तर ऊन. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही, तो मुख्यतः कानांतून उष्णता बाहेर टाकतो. १५ ते २० डिग्रीत तो मजेत असतो, तिशीच्या आसपास गेलं की उष्माघाताची भीती. सकाळी सावली असलेल्या कोपऱ्यात दुपारी ऊन येतं आणि पिंजऱ्यातला ससा उठून जाणार कुठे. धापा टाकतोय, नाक ओलं झालंय, कान तापलेत, आडवा पडून हलत नाहीये असं दिसलं तर कान गार पाण्याने (बर्फाच्या नाही) ओले करा आणि थेट डॉक्टर गाठा.

दुसरं म्हणजे मांजर. आमच्याकडे रात्री दोनला धप्प धप्प आवाज यायला लागला, ससा घाबरला की मागचा पाय असा आपटतो. बाहेर जाऊन बघितलं तर कठड्यावर मांजर बसलेलं, पिंजऱ्याला पंजाही लावला नव्हता, नुसतं बघत होतं. पण आमच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत गवताची काडी तोंडात घेतली नाही. आणि ससा दहा-बारा तास काही खाल्ल्याशिवाय राहिला की आतडं थांबू शकतं, "बघू उद्या" म्हणून चालत नाही. सलाईन लागलं त्याला, वाचला. त्याच आठवड्यात त्याला आत आणला.

आता जागा. ब्रिटनमधली सशांसाठी काम करणारी एक संस्था दोन सशांसाठी कमीत कमी ३ मीटर बाय २ मीटर आणि १ मीटर उंची सांगते, म्हणजे अडीच फुटी पिंजरा ही झोपायची जागा झाली, राहायची नाही. एवढी जागा सगळ्यांकडे नसते, माझ्याकडेही नाही. निदान सलग तीन उड्या मारता याव्यात, मागच्या पायांवर उभा राहिला तर कान वर टेकू नयेत आणि रोज काही तास खोलीत मोकळं सोडता यावं. मी पिंजरा काढूनच टाकला आणि हॉलच्या कोपऱ्यात तीन फूट उंचीचं घडीचं प्लेपेन, म्हणजे गजांचं सुटं कुंपण, लावलं. आत लिटर ट्रे (शी-शूचा ट्रे), आणि त्याच्या अगदी कडेला गवत, कारण यांना खाता खाता लेंड्या टाकायची सवय असते, ट्रेची सवय त्यानेच लागली. शिवाय दोन दारं कापलेला एक खोका. एकच दार असेल तर आत कोंडल्यासारखं वाटतं त्यांना. चार्जरच्या वायरी मात्र आधी उचला. मी नाही उचलल्या, तीन चार्जर गेले. काचेच्या टाकीत वगैरे तर अजिबात ठेवू नका, हवा खेळत नाही आणि लघवीचा उग्र वास त्याच्याच नाकात जात राहतो.

अगदीच बाहेर ठेवायचा असेल तर कोंबड्यांची पातळ जाळी नको, कुत्रा ती सहज फाडतो, जाड वेल्डेड जाळी घ्या. मातीवर असेल तर जाळी खालूनही टाका आणि वर माती पसरा, नाहीतर ससा बीळ करून बाहेर आणि घूस त्याच वाटेने आत. पक्कं छप्पर, दिवसभर सावली, डासांसाठी बारीक जाळी. आणि रोज शेपटीखाली बघायचं, तिथे घाण राहिली तर माशी अंडी घालते आणि अळ्या जिवंत सशाला खायला लागतात. वाचायला किळसवाणं आहे, पण उन्हाळ्यात एका दिवसात होतं हे.

आणि हो, तुमचं पिल्लू लहान आहे, प्लेपेनच्या गजांमधून आरामात निघून जाईल. पहिले दोन-तीन महिने खालून फूटभर पुठ्ठा बांधून ठेवा. कुरतडेल तो, बदलत राहायचा.