"मॅडम, मी बायपोलर आहे"

गेल्या काही वर्षांत समुपदेशनासाठी माझ्यासमोर बसणारी तरुण मुले त्रास सांगण्याआधी निदान सांगू लागली आहेत. मोबाईलवरच्या चित्रफितींमधून आजारांची नावे त्यांच्यापर्यंत पोहोचतात आणि 'मला खरेच हे झाले असेल का?' ही धास्ती मागे ठेवून जातात. म्हणून एका मुलीचा अनुभव, तिच्या संमतीने व ओळख पटणारे तपशील बदलून, इथे लिहीत आहे.

स्पर्धा परीक्षेसाठी सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहणारी ही मुलगी पहिल्याच भेटीत म्हणाली, "मॅडम, मी बायपोलर आहे. सकाळी उत्साह असतो, रात्री रडू येते."

मी तिला झोपेविषयी, खर्चाविषयी, विचारांच्या वेगाविषयी सविस्तर विचारले. बायपोलर विकारात उन्मादाचे, म्हणजे टोकाच्या उत्साहाचे, आणि खोल उदासीचे काळ येतात. उन्मादाचा काळ साधारणपणे किमान आठवडाभर टिकतो. त्या काळात दोन-तीन तासांच्या झोपेवरही माणसाला थकवा जाणवत नाही आणि त्याचे बदललेले वागणे इतरांच्याही लक्षात येते. एका दिवसात मन वरखाली होणे ही वेगळी गोष्ट आहे. त्याचप्रमाणे निकालानंतरचे चार दिवसांचे दुःख म्हणजे डिप्रेशन नव्हे. त्यात उदासी किंवा कशातच रस न वाटणे किमान २ आठवडे जवळजवळ रोज टिकते आणि झोप, भूक, एकाग्रता यांचीही घडी विस्कटते.

हे ऐकून तिला हायसे वाटेल, अशी माझी अपेक्षा होती. तिचा चेहरा मात्र उतरला. बराच वेळ ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत ती गप्प राहिली आणि मग म्हणाली, "म्हणजे मी नुसतीच नालायक आहे?"

त्या एका प्रश्नाने मला सगळे उलगडले. आजाराच्या नावाची तिला भीती वाटत होती हे खरे, पण त्याच नावाआड तिला आसराही मिळाला होता. दोनदा पूर्वपरीक्षा हुकलेल्या त्या मुलीने स्वतःपुढे दोनच पर्याय ठेवले होते: आजारी किंवा नालायक.

मी विचारले, "सर्दी झाली की 'मी सर्दी आहे' असे म्हणतेस का?"

ती पहिल्यांदाच हसली. "नाही. सर्दी झाली आहे, असे म्हणते."

"मग परीक्षा हुकली, एवढेच म्हणता येईल का?"

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात मांडलेल्या विवेकनिष्ठ विचारसरणीवर माझा विश्वास आहे. कृतीचे मोल करावे, अख्ख्या माणसाचे करू नये, हे एलिस यांचे सूत्र इतक्या वर्षांत मला क्वचितच अपुरे पडले आहे. त्यानुसार मी तिला वहीत आजाराचे नाव न लिहिता घडलेले लिहायला सांगितले. पुढच्या भेटीत तिने वही उघडली: "रात्री नऊला आईचा फोन. 'अभ्यास किती झाला?' छातीत धडधड. पुस्तक उघडलेच नाही." सलग सहा रात्री हेच होते. जे नावाने झाकले गेले होते, ते आता हाताळता येणार होते.

मात्र लक्षणे २ आठवड्यांहून अधिक टिकली, रोजची कामे अडू लागली किंवा जीव नकोसा वाटू लागला, तर स्वतः तर्क करत न बसता मानसोपचारतज्ज्ञांना भेटावे. आत्महत्येचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची टेली मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास उपलब्ध असते आणि तिथे मराठीतही बोलता येते.

त्या मुलीने आईला सांगितले, "आई, अभ्यासाचे मी रविवारी सांगत जाईन. रोज फोन केलास की तू काय जेवलीस ते सांग." आईने पहिल्या रात्री मेथीच्या भाजीचे सांगितले.