यादीत नाव नसलं तरी पहिला चेंडू स्ट्राइकच

प्रिय मुला,

तुझा रात्री उशिराचा मेसेज वाचला. बेसबॉलमधल्या पिचरचा, चेंडू फेकणाऱ्याचा, राग होता त्यात. "काका, चाळीसमध्ये घेतलं नाही. आता हिवाळाभर फक्त वेग. ९२ वरून ९८ मैलांवर नेतो, मग बघू कोण नाही म्हणतं." लगेच उत्तर लिहिलं असतं तर चिडून लिहिलं असतं, म्हणून थांबलो.

आधी नियम शांतपणे बघ. तू २०२२ साली कॉलेजातून निवडला गेलास. एकोणीस किंवा त्याहून जास्त वयात करार केलेल्या खेळाडूला चार मोसमांत चाळीस जणांच्या रोस्टरवर, म्हणजे क्लबच्या मुख्य यादीवर, घेतलं नाही, तर डिसेंबरच्या रूल फाइव्ह ड्राफ्टमध्ये, म्हणजे यादीबाहेरच्या खेळाडूंच्या निवडीत, तो बाकी सगळ्या क्लबांना खुला होतो. तुझी मुदत या नोव्हेंबरात संपली. हा तुझ्या हातावरचा निकाल आहे असं तू धरून बसलायस. थोडा आहेही, मी खोटं सांगणार नाही. पण त्याहून जास्त तो क्लबचा अंदाज आहे, की तुला वर्षभर सांभाळायची कुणाची तयारी नसेल.

कारण सांभाळणं महाग पडतं. घेणाऱ्याला १ लाख डॉलर मोजावे लागतात आणि पूर्ण मोसम तुला मेजर लीगमध्ये खेळणाऱ्या सव्वीस जणांत ठेवावं लागतं. ट्रिपल-एला, म्हणजे मेजर लीगच्या लगेच खालच्या पातळीला, धाडता येत नाही. नकोसा झालास तर आधी वेव्हर्स, म्हणजे इतर क्लबांना उचलायची संधी, तिथे कुणी उचललं नाही तर ५० हजारांत जुन्या क्लबला परत देऊ करायचं. त्या सव्वीसांत पिचर जास्तीत जास्त तेरा. आता मॅनेजरच्या जागी बस. एप्रिल महिना, संघ आठ धावांनी मागे, सातवी इनिंग. तो तुला उठवेल ते दोन इनिंग गुपचूप संपवायला. ९८ च्या वेगाने तीन वॉक दिलेस, म्हणजे चार-चार बॉल टाकून तीन बॅटरांना फुकटचा पहिला बेस, तर दुसरा माणूस खर्ची पडतो आणि उद्याच्या मॅचला बुलपेन, म्हणजे राखीव पिचरांची फळी, रिकामं. म्हणून पहिला चेंडू स्ट्राइक, बॅटरला खेळता येईल अशा पट्ट्यातला. वेग नंतर.

गॅरेट व्हिटलॉक बघ. तुझ्यासारखाच डबल-एच्या, ट्रिपल-एच्या खालच्या पातळीच्या, वर न गेलेला पिचर. २०१९ मध्ये कोपराचं टॉमी जॉन ऑपरेशन, २०२० मध्ये मायनर लीगचा मोसमच झाला नाही. यँकीजनी त्याला खुला सोडला, रेड सॉक्सनी घेतला. २०२१ मध्ये त्याने ७३ इनिंगमध्ये ८१ जणांना स्ट्राइकआउट केलं, म्हणजे तीन स्ट्राइकवर बाद, आणि वॉक दिले फक्त १७. ते १७ पाठ कर.

तू लगेच योहान सांतानाचं नाव काढशील, ठाऊक आहे मला. ॲस्ट्रोजनी १९९९ मध्ये खुला सोडलेला, ट्विन्सकडे गेला, २००० मध्ये ८६ इनिंगमध्ये ५४ वॉक, ईआरए, म्हणजे नऊ इनिंगमागे स्वतःच्या नावावरच्या धावा, ६.४९, आणि तरी टिकला. टिकला, कारण ट्विन्स त्या वर्षी ९३ सामने हरले. त्यांना घाई नव्हती. पुढे २००२ मध्ये ट्रिपल-एला बसून त्याने चेंजअप, म्हणजे फसवा संथ चेंडू, घोटला, तेव्हा कुठे २००४ आणि २००६ चे साय यंग, सर्वोत्तम पिचरचे पुरस्कार, आले. वेग वाढवून नव्हे. तुला असा हरणारा, धीराचा क्लब मिळेलच, यावर हिवाळा लावणार आहेस का?

तुझा ऑगस्टमधला व्हिडिओ मी थांबवून थांबवून पाहिला. उजवा पाय जमिनीला टेकतो तेव्हा डावं कोपर अजून खांद्याच्या खाली असतं. हात मागे राहतो, चेंडू डावीकडे वर सुटतो, कॅचरचा ग्लोव्ह गुडघ्यावरून छातीपर्यंत धावतो. हे एवढं एकच दुखणं आहे, बाळा. जड चेंडू भिंतीवर आपटून ते बरं होणार नाही. उशिरा येणारा हात आणखी जोरात ओढलास तर कोपर बोलेल. पाय टेकायच्या आत कोपर वर. अर्ध्या जोराने, आरशासमोर, रोज. आणि मग पहिला चेंडू स्ट्राइक.

न्यू जर्सीत मुलांना शिकवायचो तेव्हा पालक म्हणत, हा काका मुलांचा वेग मारतो. कुणाचा मारला? मी मोजायचो ते फक्त पहिल्या चेंडूचे स्ट्राइक. ० बॉल, १ स्ट्राइकवर बॅटर तुझ्या मनासारखा खेळतो आणि १-० वर तू त्याच्या. एका मुलाला वडिलांनी माझ्याकडून काढून रडारगनवाल्याकडे नेलं. हात सुंदर होता त्याचा. एकोणिसाव्या वर्षी खांदा गेला. तो माझ्याकडेच राहिला असता तर वाचला असता, हे मी आजही म्हणतो, आणि कुणी कितीही वाद घातला तरी म्हणेन. त्याला अडवण्याचा अधिकार मला नव्हता, याची खंत जात नाही. तुला अडवण्याचाही नाही, पण तू विचारलंस.

ड्राफ्टमध्ये कुणी घेतलं तर छान. टिकलास तर २०२६ चं किमान वेतन ७ लाख ८० हजार डॉलर आहे, आईला सांग. नाही घेतलं, तर मार्चमध्ये याच क्लबच्या कॅम्पला जायचंय, आणि मोसमाच्या मधे कुणी बराच काळ जखमी झाला की चाळीसमधली जागा कधीही मोकळी होऊ शकते. दोन्हीकडे काम तेच. एजंटला रोज फोन करून अफवा विचारणं बंद कर.

जानेवारीत बुलपेनचा सराव सुरू झाला की व्हिडिओ पाठव, बाजूने घेतलेला, कोपर दिसेल असा. वेगाचा आकडा लिहू नकोस. पहिल्या चेंडूला स्ट्राइक किती पडले ते लिही.

तुझा,
काका