फळा कशाला टांगलायस?

प्रश्न : ताई, नमस्कार. मार्चमध्ये भंडारदऱ्याला पहाटे चारला आकाशगंगा टिपली. 24 मेगापिक्सेलचा क्रॉप सेन्सर कॅमेरा, 18 मिमी, एफ 3.5, आयएसओ 3200, 25 सेकंद. लॅपटॉपवर फोटो झकास दिसतो. हॉलसाठी 20 बाय 30 इंची मॅट प्रिंट काढली, तर नुसता काळोख! लॅबवाला म्हणतो, फाइलच तशी आहे. चूक कोणाची?
– एक वाचक, कल्याण

उत्तर : लॅबवाल्यावर रागावू नका, तो बहुधा खरं बोलतोय. वांगणीहून आणलेला मृग नक्षत्राचा माझा पहिला मोठा प्रिंट भिंतीवर लावला, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “फळा कशाला टांगलायस?” तेव्हापासून मी आकाशाची फाइल थेट मोठ्या कागदावर पाठवत नाही.

लॅपटॉपचा पडदा म्हणजे दिवा. तो स्वतः उजळतो. कागद खोलीतला उजेड फक्त परत फेकतो. त्यातून तुम्ही एडिटिंग रात्री, दिवे मालवून, ब्राइटनेस पूर्ण ठेवून केलं असणार. (मीही तेच केलं होतं.) आता खोलीतला दिवा लावा, पडद्यावर कोरी पांढरी खिडकी उघडा आणि शेजारी पांढरा कागद धरा. दोन्ही सारखे पांढरे दिसेपर्यंत ब्राइटनेस उतरवा. मग तुमचा फोटो पुन्हा उघडा. प्रिंटमधला काळोख तिथेच भेटेल.

आता हिस्टोग्राम पाहा, म्हणजे फोटोत गडद-उजळ भाग किती आहेत ते दाखवणारा आलेख. 0 (काळा) ते 255 (पांढरा) च्या पट्टीवर आकाशाची पार्श्वभूमी 10-12 वर असेल तर मॅट कागदावर ती काळ्यात मिसळून जाते. मी ती 30 च्या आसपास आणते. पडद्यावर आकाश जरा राखाडी वाटतं, जीवही हळहळतो, पण कागदावर तेच रात्रीसारखं दिसतं. मॅटवर काळा रंग तसाही फिकटच बसतो. आकाशासाठी मी लस्टर (किंचित चमक असलेला) किंवा बरायटा (बेरियम सल्फेटचा थर दिलेला) कागद घेते. बरायटा महाग आहे, पण त्यावरचा काळा पाहिलात की पैशांचं दुःख कमी होतं.

डार्करूममध्ये आम्ही आधी टेस्ट स्ट्रिप, म्हणजे चाचणीची छोटी पट्टी, काढायचो. अख्खा कागद वाया घालवायची ऐपत नव्हती. तीच युक्ती इथे वापरा. आकाशगंगेचा गाभा आणि डोंगराची कड येईल असा एकच उभा तुकडा कापा. त्याच्या पाच प्रती करा, प्रत्येक आधीच्यापेक्षा तिसरा हिस्सा स्टॉप उजळ (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड). खाली आकडे लिहा, पाचही 8 बाय 12 च्या एकाच कागदावर मांडा आणि मोठ्या प्रिंटसाठी ठरवलेल्याच कागदावर छापून घ्या. लॅबला बजावून सांगा, “करेक्शन लावू नका.” नाहीतर मशीन पाचही पट्ट्या आपल्या मनाने सारख्या करायला बघेल. मग तो कागद हॉलच्या त्याच भिंतीवर चिकटवा आणि संध्याकाळी, रोजचा दिवा लावून निवडा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली नको.

तुम्ही विचारलं नाहीत, पण 25 सेकंद जास्त आहेत. तारे रेघांसारखे न ओढले जाण्यासाठी 500 ला लेन्सचे 18 मिमी आणि क्रॉप सेन्सरचा गुणक दीड यांच्या गुणाकाराने भागा : साडेअठरा सेकंद. मी तर 13 वरच थांबते. मोबाइलवर दिसत नाहीत ती ताऱ्यांची शेपटं 30 इंचांवर बरोबर दिसतात. शिवाय या मापाला तुमची फाइल इंचाला 200 पिक्सेलच देते. सोफ्यावरून ते चालेल, पण आयएसओ 3200 चा दाणा (फोटोतली ठिपकेदार खरखर) लपणार नाही. पुढच्या वेळी तीच चौकट ओळीने 16 वेळा टिपा आणि स्टॅक करा, म्हणजे सॉफ्टवेअरमध्ये एकावर एक रचून सरासरी काढा. दाणा चौथाईवर येतो. तोवर 12 बाय 18 वर समाधान माना.

प्रश्न : डिसेंबरच्या रात्री तासाभरात लेन्सवर दव साचतं. पुसलं की पुन्हा येतं. काय करू?
– एक वाचक, जुन्नर

उत्तर : पुसू नका, चरे पडतील. उघड्या आकाशाखाली लेन्सची काच भोवतालच्या हवेपेक्षाही गार होते, म्हणून दव धरतं. हूड (लेन्सच्या तोंडावरचं कडं) लावा आणि पॉवर बँकेवर चालणारा ऊबपट्टा लेन्सला गुंडाळा, पण दव धरायच्या आधीच. पट्टा गुंडाळताना फोकसची रिंग हलते. मी ती आधीच चिकटपट्टीने बांधून टाकते.