"मीच अजून धड सावरले नाही, मी गट कसा घेऊ?"

नव्या आई-बाबांचे आधारगट चालवायला स्वयंसेवक हवे असतात, आणि त्यासाठी मी अनेक वर्षं बायकांना (हल्ली काही बाबांनाही) विचारत आले आहे. समोरून येणारं पहिलं वाक्य जवळजवळ ठरलेलं असतं: "मॅडम, मीच अजून धड सावरले नाही. मी कुणाला काय आधार देणार?" याच महिन्यात हे तिघींकडून ऐकलं, म्हणून लिहायला बसले.

माझा अनुभव असा की हे वाक्य म्हणणाऱ्याच पुढे गट चांगला सांभाळतात. "त्यात काय, जमेल की" असं पटकन म्हणणाऱ्या व्यक्तीला मी आणखी दोनदा भेटते, मगच ठरवते.

मुग्धाचं सांगते. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, तिची परवानगीही घेतली आहे. पुण्यात आयटीतली नोकरी, 26 आठवड्यांची बाळंतपणाची रजा, पहिला मुलगा. बाळ पाच आठवड्यांचं असताना तिची आई तिला समुपदेशनासाठी माझ्याकडे घेऊन आली. घरात डिंकाचे लाडू होते, अळिवाची खीर होती, मालिशवाल्या बाई येत होत्या, शेकशेगडी चालू होती. आणि मुग्धा रात्री न्हाणीघरातला नळ मोठा सोडून रडत होती. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही दिवसांत पुष्कळ जणींना असं रडू येतं आणि पंधरवड्याच्या आत ते ओसरतं. हिचं ओसरलं नव्हतं, वाढलं होतं. 1987 साली एडिंबरा इथे तयार झालेली, बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखायची दहा प्रश्नांची एक चाचणी आम्ही अशा वेळी वापरतो. तिच्यात मुग्धाला 30 पैकी 19 गुण होते. तेराच्या पुढे गेलं की आम्ही थांबत नाही, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे पाठवतो. मानसोपचारतज्ज्ञांची औषधं आणि माझ्याकडची सत्रं, असं सात-आठ महिने चाललं. बाळाच्या पहिल्या वाढदिवसानंतर तिनं तीच चाचणी पुन्हा सोडवली, तेव्हा गुण आले 5.

त्यानंतर दोन महिन्यांनी मी तिला गटाबद्दल विचारलं. शनिवारी दुपारी चार ते साडेपाच, एका वाचनालयाचा हॉल, खाली सतरंजी, सहा-आठ जणी आणि त्यांची बाळं. बस्स.

ती हसली. म्हणाली, "लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! कालच आर्यन दोन तास रडत होता आणि मी बाल्कनीत जाऊन दार लावून घेतलं. ही बाई दुसऱ्यांना शिकवणार?"

"तुझ्याकडे ब्रह्मज्ञान कुणी मागितलंय?" मी विचारलं.

ती गप्प झाली. या प्रश्नावर आम्ही पुढची तीन सत्रं घालवली.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीत तयार झालेली समुपदेशक. अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास ही पद्धत मांडायला सुरुवात केली. माणूस घडलेल्या गोष्टीपेक्षा त्या गोष्टीबद्दलच्या स्वतःच्या हट्टानं जास्त पोळतो, हा तिचा गाभा. मराठीत हा हट्ट पकडणं फार सोपं आहे, कारण आपण तो एका अक्षरात बोलतो: च. मी मुग्धाला सांगितलं, गट घ्यायची भीती कागदावर लिही, तुझ्या नेहमीच्या बोलीत. तिनं तीन वाक्यं लिहिली.

"मला प्रत्येकीच्या प्रश्नाचं उत्तर यायलाच हवं."
"मी सगळ्यांसमोर रडताच कामा नये."
"कुणाचं काही बरंवाईट झालं तर जबाबदारी माझीच."

मी तिला लाल पेन दिलं आणि म्हटलं, प्रत्येक वाक्यातला च खोड. मग वाच.

पहिल्या वाक्याशी ती बराच वेळ बसली. च खोडला, मग "प्रत्येकीच्या" खोडलं. मग पेन खाली ठेवलं. "मॅडम, मला जेव्हा खूप वाईट होतं ना, तेव्हा उत्तरं देणारे दहा जण होते. सासूबाई म्हणायच्या शेपूची भाजी खा, आई म्हणायची झोप काढ, नवरा लेख पाठवायचा. मला बरं वाटलं ते खालच्या मजल्यावरच्या काकूंमुळे. त्या येऊन नुसत्या बसल्या. म्हणाल्या, मला माझ्या थोरल्याचा पहिले तीन महिने राग यायचा. एवढंच बोलल्या."

"मग त्यांनी तुला काय शिकवलं?"

"काही नाही." आणि मग तिचा चेहरा एकदम बदलला. "काहीच नाही हो शिकवलं!"

समुपदेशनात असे क्षण मोजके येतात, आणि ते समुपदेशकाच्या बोलण्यातून येत नाहीत. माणसाकडे स्वतःचा पुरावा आधीच असतो, आपण फक्त तो मांडायला जागा करून द्यायची. त्या दिवशी मी घरी गेले ती समाधानानं. गटाच्या प्रमुखानं बाळाबद्दल सगळं जाणलं पाहिजे, ही तिची समजूत तिच्याच अनुभवानं खोटी ठरवली होती. मी युक्तिवाद करत बसले असते तर वर्ष गेलं असतं.

पुढच्या भेटीत तिला मी एक अभ्यास वाचून दाखवला. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात नैराश्याचा धोका जास्त असलेल्या 701 नव्या आयांवर तो झाला, 2009 मध्ये प्रसिद्ध झाला. निम्म्या जणींना स्वयंसेविका फोन करून बोलत. बारा आठवड्यांनी त्या जणींपैकी 14 टक्क्यांत नैराश्याची लक्षणं दिसली, इतरांमध्ये 25 टक्क्यांत. स्वयंसेविकांचं प्रशिक्षण फक्त चार तासांचं होतं. त्यांची निवड होती ती एकाच गोष्टीवरून: त्या स्वतः बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून गेलेल्या आणि बाहेर पडलेल्या होत्या. आपल्या शेजारी गोव्यातही 'संगत' संस्थेच्या प्रयोगात गावातल्याच आयांनी, 'सखी' म्हणून, असं काम केलं. तिथला फरक माफक होता, पण होता. मुग्धा जिला अपात्रता समजत होती, ती तिथे प्रवेशाची अट होती.

दुसऱ्या वाक्याबद्दल माझं मत मी सगळ्यांनाच सांगते. गटात स्वतःचं सांगताना डोळ्यांत पाणी आलं तर काही बिघडत नाही. पारख पुढची आहे: तुझं सांगून झाल्यावर समोरचीचं ऐकायला तू परत येऊ शकतेस का? तिच्या बाळाचं नाव, तिनं आत्ता काय सांगितलं, हे तुझ्या लक्षात आहे का? असेल तर तू तयार आहेस. ऐकताना तुझीच रात्र पुन्हा सुरू होत असेल, तर थोडं थांब. एका बाबाला मी असंच सहा महिने थांबवलं होतं. बाळ काचेच्या पेटीत असतानाचे दिवस तो सांगायला लागला की त्याला थांबता येत नसे. त्याला आधी गटात बसण्याची गरज होती, गट चालवण्याची नाही. (बाबांचे गट हवेतच. "तू तिला सांभाळ" असं सगळे त्याला सांगतात, त्याला कुणी विचारत नाही.)

तिसरं वाक्य मात्र मी तिला पूर्ण खोडू दिलं नाही. "माझीच" मधला च काढायचा, काळजी ठेवायची. ती काळजी रास्त आहे आणि तिच्यावर उपाय कागदावर करता येतो. गट कधी एकटीनं घ्यायचा नाही, दोघींनी घ्यायचा. एक बोलते तेव्हा दुसरी चेहरे बघते. औषध, दूध, गुटी यांबद्दल सल्ला द्यायचा नाही, "डॉक्टरांना विचार" हे न लाजता म्हणायचं. स्वतःचा फोन रात्रंदिवस खुला ठेवायचा नाही. जवळच्या मानसोपचारतज्ज्ञांचा आणि माझा क्रमांक, शिवाय सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा 14416, वहीच्या पहिल्या पानावर. आणि शंका आली तर आडून आडून नाही, थेट विचारायचं: "जीव द्यावा असं मनात येतं का?" विचारल्यानं तो विचार मनात शिरत नाही, उलट बाईला हायसं वाटतं. आई काही दिवस झोपलेलीच नाही, असंबद्ध बोलतेय, भलतंच काही दिसतंय-ऐकू येतंय, असं असेल तर शनिवारची वाट बघायची नाही. हजारात एखाद-दोघींना होतं, पण त्याच दिवशी रुग्णालयात न्यावं लागतं.

लोक मला सांगतात, पूर्वी बाळंतिणीच्या खोलीत हे सगळं आपसूक होत होतं. होत होतं, थोडंफार. पण त्याच खोलीत "बाळ गोजिरवाणं आहे, रडतेस काय" असंही बजावलं जाई. मला ती खोली परत नको. तिच्यातली सतरंजी तेवढी हवी.

मुग्धानं जोडीदारीण घेऊन गट सुरू केला. पहिल्या शनिवारी मी मागे भिंतीला टेकून बसले होते. दोन महिन्यांच्या मुलीची एक आई मांडीवरच्या दुपट्याची घडी घालत होती, मोडत होती, पुन्हा घालत होती. मधेच खाली बघून म्हणाली, "कधीकधी वाटतं, हिला जिथून आणलं तिथे परत देऊन टाकावं." हॉलमध्ये एकदम शांत झालं. मुग्धानं पुढे सरकून दुपट्याची दुसरी दोन टोकं धरली. दोघींनी मिळून घडी घातली. मग ती म्हणाली, "मला सातव्या आठवड्यात वाटलं होतं. तुझं कधीपासून?"

मी वहीत लिहिलं: मला काही सुचवायचं नाही.

गेल्या महिन्यात एका शनिवारी पावणेसहाला तिचा फोन आला. आवाज हळू होता.

"मॅडम, एकजण थांबलीये. मी थेट विचारलं, हो म्हणाली. मी तिच्याजवळच आहे. नवरा निघालाय, पंधरा मिनिटांत पोचेल. डॉक्टर आजच बघतो म्हणालेत. पण तिच्याशी काय बोलावं ते मला सुचत नाहीये, म्हणून मी काही बोलत नाहीये."

"बरोबर करतेयस. मी निघालेच. बाळ कुणाकडे आहे?"

"माझ्या मांडीवर. झोपलंय."