पुण्यात खोलीवर राहून दिवसाला ७० रुपयांत नीट जेवण कसं जमवायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: स्पर्धा परीक्षेसाठी नारायण पेठेत खोली, जेवणाला दिवसाला ७० रुपये, हाताशी इंडक्शन, तीन लिटरचा कुकर आणि लोखंडी तवा, फ्रिज नाही. मेस परवडत नाही म्हणून भात, बटाटा आणि मॅगीवर भागतंय. पोट भरतं, पण दुपारनंतर अंगात त्राण राहत नाही.

७० रुपयांत जमतं, फक्त पैसे कुठे घालता ते बदलावं लागेल. नुसत्या कॅलरी बाजारात सगळ्यात स्वस्त मिळतात. ५० रुपये किलोच्या तांदळातून २००० कॅलरी तीसेक रुपयांत येतात, म्हणून हात आखडला की माणूस भातावर येतो. घोडं अडतं ते प्रथिनं, लोह, कॅल्शियम आणि बी-१२ पाशी. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०२० च्या शिफारशीप्रमाणे ६५ किलो वजनाच्या, बैठं काम करणाऱ्या पुरुषाला दिवसाला २१०० च्या आसपास कॅलरी आणि ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. भात-बटाट्यावर पहिला आकडा गाठता येतो, दुसरा नाही.

आधी महिन्याचा हिशोब मांडतो. भाव दुकानागणिक आणि हंगामाप्रमाणे खालीवर होतात, ते धरूनच वाचा. २१०० रुपयांपैकी ज्वारी ४ किलो, गहू अडीच किलो आणि नाचणी १ किलो, दळणासकट ३९० रुपये. तांदूळ अडीच किलो, १२५. डाळी आणि कडधान्यं मिळून २४०० ग्रॅम, २५०. शेंगदाणे सव्वा किलो, १६०. तेल ८०० मिली, १२०. गूळ, मीठ, तिखट, हळद, मोहरी वगैरे १२५. अंडी २०, म्हणजे १४०. अर्धा लिटर दुधाच्या १० पिशव्या, २९०. भाजीला ३४५. बेरीज १९४५. उरलेले दीडशे राखून ठेवा, कारण टोमॅटो कधीही ८० रुपयांवर जातो. एवढ्यात रोजच्या २१०० च्या वर कॅलरी आणि सत्तरच्या जवळ प्रथिनं बसतात. विजेचं बिल आणि बाहेरचा चहा यात धरलेला नाही.

प्रथिनांचा भाव किलोवर न बघता १० ग्रॅम प्रथिनांना किती पैसे पडतात असा बघा. सोयाबीनच्या वड्या सुमारे अडीच रुपये. मसूर डाळ आणि हरभरा चार रुपयांच्या आसपास. ज्वारी साडेचार. शेंगदाणे पाच, आणि वर दोनशे कॅलरी फुकट. तूरडाळ सहा. अंडं अकरा, दूध सतरा, पनीर वीसच्या पुढे. प्रोटीन पावडरचं नाव काढू नका. ज्वारी या यादीत डाळींच्या पंगतीला बसते हे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. धान्याच्या प्रथिनात लायसिन हा शरीराला लागणारा एक घटक कमी पडतो आणि तो डाळीत भरपूर असतो, म्हणून भाकरी-आमटी एकत्र खाल्ली की दोन्हींचा उपयोग वाढतो. तूरडाळीचा हट्ट सोडलात तर महिन्याला चाळीस-पन्नास रुपये सुटतात. मसुरीची आमटी चांगली होते, शिजतेही लवकर. हुलगे, म्हणजे कुळीथ, मिळाले तर जरूर घ्या. कुळथाचं पिठलं दहा मिनिटांत होतं आणि थंडीत त्याला तोड नाही.

आता भाकरी. एकीला ८० ग्रॅम पीठ धरा, दिवसाला भाकरी-पोळी मिळून तीन. पोळीभाजी केंद्रातून आणलेली भाकरी घरच्या भाकरीच्या तिप्पट-चौपट भावाला पडते, म्हणून हे शिकून घेण्यात फायदा आहे. शिकणाऱ्याची भाकरी मोडते त्याचं कारण बहुधा हातात नसून पिठात असतं. ज्वारीचं पीठ जुनं झालं की त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि थापताना कडा फाटतात. एकदम चार किलो दळून आणू नका, दोन किलोंचं दळण दोनदा करा. विरी गेलीच असेल तर उकड काढा: एका भाकरीला अर्ध्या वाटीच्या आतबाहेर पाणी उकळवा, चिमूटभर मीठ, त्यात पीठ टाकून झाकून ठेवा आणि पाच मिनिटांनी गरम असतानाच तळहाताने रगडून मळा. थापलेली भाकरी तव्यावर पिठाची बाजू वर करून टाका, वरून पाणी फिरवा, पाणी सुकायला लागलं की उलटा. पाणी पूर्ण सुकू दिलंत तर पापुद्र्याला चिरा पडतात आणि भाकरी फुगत नाही. इंडक्शनवर जाळावर शेकता येत नाही, तेव्हा दुसरी बाजू भाजून झाली की परत उलटून कापडाच्या बोळ्याने कडेकडेने दाबायची. पहिल्या आठवड्यात जमलं नाही तर थालीपीठ किंवा धिरडं करा. १०० ग्रॅम ज्वारीचं पीठ, ३० ग्रॅम बेसन, कांदा, चिरलेली मेथी. त्यात काहीच बिघडत नाही. थंडीत बाजरी घेणार असाल तर किलोभरच दळा, तिच्यातल्या तेलामुळे पीठ लवकर कडवट होतं.

कुकरचा खर्च आणि वेळ भिजवण्यावर ठरतो. हरभरा रात्रभर भिजलेला असेल तर पाच-सहा शिट्ट्या आणि नंतर दहा मिनिटं मंद. न भिजवता टाकलात तर दुप्पट वीज जाऊनही मधे कडक राहतो. मसुरीला दोन शिट्ट्या पुरतात, तुरीला अर्धा तास भिजवून तीन-चार. पहिली शिट्टी झाली की इंडक्शन ६०० वॉटच्या आसपास आणा. चिंच, आमसूल, टोमॅटो डाळ शिजल्यावरच घाला. आंबटामुळे डाळ मऊ पडत नाही, आणि लोक दोष दुकानदाराला देतात. खाली डाळ आणि वर डब्यात भात एकाच वेळी लावला की तुमच्या तीन लिटरच्या कुकरात एका माणसाचं जेवण होतं.

मटकीला मोड आणताना दिवसाला ५० ग्रॅमच भिजवा. भिजून मोड येईस्तोवर ती दुपटीहून जास्त होते आणि फ्रिजशिवाय दुसऱ्या दिवशी टिकत नाही. आठ तास भिजवा, पाणी पूर्ण निथळा, सुती कापडात सैल बांधा. मे महिन्यात आठ-दहा तासांत मोड दिसतात, डिसेंबरात दिवस लागतो. चिकट होऊन वास आला तर समजा पाणी राहिलं होतं. उन्हाळ्यात मधे एकदा उघडून धुवा आणि पुन्हा निथळून बांधा. मोडांनी प्रथिनं वाढतात असं सगळीकडे सांगतात, ते खरं नाही. पाणी शिरल्यामुळे वजनाच्या मानाने ती कमीच होतात. वाढतं ते क जीवनसत्त्व, आणि लोह शोषायला अडथळा करणारं फायटेट घटतं. तेवढ्यासाठी खटाटोप करण्यासारखा आहे.

सोयाबीनच्या वड्या आठवड्यातून तीनदा, कोरड्या २५ ग्रॅम. उकळत्या पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पिळा, गार पाण्यातून काढून पुन्हा पिळा. दुसऱ्यांदा पिळल्याशिवाय तो वास जात नाही, आणि वड्या न आवडण्याचं खरं कारण तोच असतो. रस्सा करायचा कंटाळा आला तर बारीक चुरून थालीपिठात घाला.

शेंगदाणे रोज ४० ग्रॅम, म्हणजे एक मोठी मूठ. पावशेर एकदम भाजा, निम्म्याचं कूट करा, थोड्याची लसूण-तिखट घालून चटणी. काळपट, सुरकुतलेले, बुरशीचा वास येणारे दाणे निवडून फेकून द्या. त्यातलं अफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष धुऊन किंवा भाजून पूर्णपणे जात नाही. सुट्या, स्वस्त दाण्यांत असे जास्त निघतात, म्हणून इथे किलोमागे दहा रुपये जास्त गेले तरी चालतील.

भाताबद्दल एक कडक नियम: अर्धी वाटी तांदूळ मोजून लावा आणि त्याच वेळी संपवा. रात्रीचा भात सकाळी फोडणीला टाकायची पद्धत घरोघरी आहे, पण पुण्याच्या एप्रिलमध्ये, बंद खोलीत, फ्रिजशिवाय हा धोका पत्करू नका. शिजवूनही जगणारे जिवाणूंचे बीजाणू उबेत वाढतात आणि त्यांनी तयार केलेलं विष फोडणीने मरत नाही. शिळी भाकरी मात्र खुशाल ठेवा. सकाळी कुस्करून ताकात, नाहीतर कांदा-दाणे घालून फोडणीची. नाश्ता पाच मिनिटांत आणि दहा रुपयांच्या आत होतो. पोह्यांवर भर असेल तर लक्षात घ्या, पोहे म्हणजे तांदूळच. २५ ग्रॅम दाणे घातले तरच त्यांना नाश्ता म्हणता येईल.

भाजी सायंकाळी उशिरा घ्या. मंडई उठायच्या वेळेला पालेभाजीची जुडी निम्म्या भावात मिळते, विक्रेत्याला ती उद्यावर ठेवता येत नाही. मुळ्याचा आणि नवलकोलाचा पाला बरेच जण तिथेच तोडून टाकायला सांगतात. तो मागून घ्या, दाण्याचं कूट लावून किंवा भिजवलेली हरभरा डाळ घालून परता. घरी आल्यावर जुडी सोडा, सडकी पानं काढा, न धुता ओलसर कापडात सैल गुंडाळून खिडकीजवळ गार जागी ठेवा. दुसऱ्या रात्रीपर्यंत टिकते. धुऊन ठेवलेली टिकत नाही. बटाटा, कांदा, भोपळा, कोबी हा पाठीशी ठेवायचा माल. जेवताना पालेभाजीवर किंवा आमटीत लिंबू पिळलंत तर त्यातलं लोह कितीतरी चांगलं शोषलं जातं. उलट जेवणावर लगेच चहा घेतलात तर ते अडतं. मधे तासभर जाऊ द्या.

दूध महाग आहे आणि तरीही मी ते काढा म्हणणार नाही. धान्य-डाळींत बी-१२ नसतं, ते मिळतं दूध, दही, अंडी, मांस-मासे यांतून. दर तिसऱ्या दिवशी अर्ध्या लिटरची पिशवी आणा, उकळा, निम्मं त्या दिवशी प्या आणि कोमट निम्म्याला चमचाभर दही लावून विरजण घाला. दुसऱ्या दिवशी दही किंवा ताक होतं, फ्रिजचा प्रश्न मिटतो. मधल्या दिवशी अंडं. अंडी तुम्हाला चालत नसतील तर ते १४० रुपयेही दुधाकडे वळवा. कॅल्शियमला नाचणी हात देते, १०० ग्रॅममध्ये साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास असतं. दोन चमचे पीठ पाण्यात कालवून शिजवा, गार झाल्यावर ताक आणि मीठ घाला. ही आंबील उन्हाळ्यात अभ्यासिकेला निघण्याआधी घ्यायला उत्तम.

आता पैसे गळतात ती जागा. अभ्यासिकेखालचा चहा दहा रुपये धरला आणि दिवसाला तीन झाले की तीस गेले, सोबत बिस्किटपुडा वेगळा. ७० रुपयांच्या माणसाचं जेवण सहसा किराण्यात बिघडत नाही, इथे बिघडतं. चहा सोडा असं सांगून कोणी सोडत नाही. एक बाहेर घ्या, बाकीचे खोलीवर करा, आणि खिशात फुटाणे-गूळ ठेवा. फुटाण्यांत तेवढ्याच वजनाच्या बिस्किटांच्या जवळजवळ तिप्पट प्रथिनं असतात, गोडाची तल्लफ गुळाने भागते.

खोलीतले तिघे-चौघे मिळून महिन्याला एकदा मार्केट यार्डातल्या भुसार बाजारातून धान्य आणि कडधान्य आणलंत तर परवडतं. एकट्याने गेलात तर बचत प्रवासातच जाते. एक महिन्यापेक्षा जास्त साठा करू नका, पावसाळ्यात डाळीला जाळी आणि कडधान्याला भुंगा धरतो.

रेशनकार्डाचं विसरू नका. गावच्या कार्डावर तुमचं नाव असेल आणि ते प्राधान्य कुटुंब योजनेत बसत असेल तर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मोफत आहे. एक देश एक रेशनकार्ड योजनेत तुमच्या वाट्याचं धान्य आधारवर अंगठा लावून पुण्यातल्या दुकानातही उचलता येतं. केशरी कार्ड आहे म्हणून गप्प बसू नका, त्यावर प्राधान्य कुटुंबाचा शिक्का आहे का ते घरी विचारा. घरचे आधीच सगळ्यांचं उचलत असतील तर आधी त्यांच्याशी बोला. हे जमलं तर महिन्याचे दोनशेच्या वर रुपये वाचतात, ते सरळ दूध आणि फळांकडे वळवा. पेरू, केळी, हंगामात आवळा. जवळ शिवभोजन केंद्र चालू असेल तर तेही बघून ठेवा. २६ जानेवारी २०२० ला योजना सुरू झाली तेव्हा १० रुपयांत दोन चपात्या, भाजी, वरण आणि भात अशी थाळी ठरली होती. परीक्षेच्या आठवड्यात स्वयंपाकाला वेळ नसतो तेव्हा कामाला येते.

त्राण नसण्याबद्दल: महिनाभर असं खाऊनही दुपारचा थकवा तसाच राहिला, किंवा हातापायाला मुंग्या येत असतील, तर सरकारी रुग्णालयात दाखवा आणि हिमोग्लोबिन व बी-१२ तपासायचं का ते डॉक्टरांना विचारा. बी-१२ खूपच खाली गेलेलं असेल तर ते दोन वाट्या दह्याने भरून निघत नाही, गोळ्या किंवा इंजेक्शन लागतं.