बीएमडब्ल्यूची झेड-फोर नाहीतर पोर्शेची बॉक्स्टर: सांगलीत राहून दोन सीटची, छत उघडणारी कन्व्हर्टिबल सेकंड हँड घ्यावी का? घेताना काय बघावं?

प्रश्नाच्या शेवटी तुम्ही सहज लिहिलंय की "कापडी छताची गाडी घेऊ नका असं सगळे सांगतात". हे सगळे कोण ते मला ठाऊक आहे. त्यातले एक आमचे दाजी.

पिकअप, टॉप स्पीड, शून्य ते शंभर किती सेकंदांत, हे तुम्ही व्हिडिओ बघून पाठ केलेलंच असणार, त्यात मी शिरत नाही. शंभर फुटी रोडला आमचं सीट आणि हूडचं काम आहे. वडिलांनी वडापच्या, म्हणजे शेअर सवारीच्या, जीपचे हूड शिवले, मी सीट कव्हर, मॅटिंग, आतलं छत असलं काम करतो. 2019 ला आयर्विन पुलाजवळ कृष्णा 57 फुटांवर गेली, धोक्याची पातळी 45. त्यानंतर पुरात बसलेल्या गाड्यांचं मॅटिंग आणि सीटा उचकटण्यातच आमचे कितीतरी महिने गेले. पाणी कुठून शिरतं, कुठे साचतं आणि वरून गाडी चकाचक दिसत असताना खाली काय कुजवतं, हे तेव्हा हातांना कळलं. उघडी गाडी घेताना मी सगळ्यात आधी हेच बघतो आणि तुम्हीही तेच बघा.

तासगावकडचे एक द्राक्ष बागायतदार आमचं जुनं गिऱ्हाईक. एका वर्षी माल चांगला गेला आणि त्यांच्या डोक्यात दोन सीटची उघडी गाडी शिरली. पुण्यातल्या एका डीलरच्या यार्डात त्यांनी दोन हेरून ठेवल्या होत्या. दोन्ही जर्मन, वयाने साधारण सारख्या. एकीचं छत कापडी, दुसरीचं पत्र्याचं, बटण दाबलं की घडी होऊन डिकीत जाणारं. कंपन्यांची नावं लिहीत नाही, कारण पुढे जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नव्हता. बागायतदारांनी मला बरोबर घेतलं. दाजी आपणहून आले. दाजींचा खडी क्रशर आहे, डंपर आहेत, त्यामुळे चाकं असलेल्या प्रत्येक वस्तूतलं आपल्यालाच कळतं अशी त्यांची खात्री.

यार्डात पोचल्या पोचल्या त्यांनी कापडी छतावर टिचकी मारली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "आवो, एवढं पैसं मोजून रिक्षाचा टप घ्यायचा व्हय? उद्या कुणी ब्लेड मारलं म्हंजे?" सेल्समन हसला. बागायतदारही हसले. माझ्या वडिलांची हयात त्या कापडावर गेलेली, मला काही हसू आलं नाही.

ते कापड काय असतं ते एकदा लिहूनच टाकतो. चांगल्या कन्व्हर्टिबलचं छत तीन थरांचं असतं. वर ॲक्रिलिकच्या धाग्याचं विणलेलं कापड, आणि रंग धागा तयार होतानाच आत मुरवलेला, म्हणून तो उन्हात लवकर उडत नाही. मधे रबराचा थर, पाणी अडवतो तो हा. खाली परत कापड. त्याच्या आत पॅडिंग, सांगाडा, मग सगळ्यात आतलं अस्तर. वडापच्या जीपला आम्ही ताडपत्री नाहीतर रेक्झिन मारायचो, त्याचा आणि याचा काही संबंध नाही. हे कापड मधोमध फाटत नाही. जातं ते घडीच्या रेषेवर, नाहीतर मागची काच चिकटवलेली असते तिथल्या कडेला. सुरुवातीच्या बॉक्स्टरला मागे काच नव्हतीच, पारदर्शक प्लॅस्टिक होतं, आणि ते पिवळं पडून चिरतं. तसली गाडी दाखवली तर किंमत त्या हिशोबाने पाडून मागा. ब्लेड मारणाऱ्याचं म्हणाल, तर तो पत्र्याच्या गाडीची काच फोडतो. त्याला कशाचंच वावडं नसतं.

तर मी बादलीभर पाणी मागितलं. सेल्समनला वाटलं हात धुवायचेत. मी आधी छत आणि पुढची काच यांच्या सांध्यावर, मग दाराच्या काचेच्या वरच्या कडेला, आणि शेवटी छत मागे डिकीला मिळतं त्या खाचेत सावकाश पाणी सोडलं. तो "सर, सर" करत राहिला. कापडी गाडीचं पाणी मागच्या चाकापाशी खाली पडलं, दोन्ही बाजूंनी. म्हणजे नळ्या मोकळ्या. या गाड्यांत थोडं पाणी आत येणार हे धरूनच खाचा आणि नळ्या ठेवलेल्या असतात, ते बाहेर पडतंय का एवढंच बघायचं. पत्र्याच्या गाडीत अर्धी बादली ओतली तरी खाली थेंब नाही. सीट पुढे सरकवून मागच्या भिंतीलगत मॅटिंगखाली हात घातला आणि फोम दाबला. बोटांवर काळं पाणी आलं. माझ्या बादलीतलं नव्हे, कुठल्यातरी पावसाळ्यातलं, कुबट वासाचं. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढला तर टोकाला बुरशीचे ठिपके. सीटच्या रुळांचे बोल्ट तांबूस. सेल्समन म्हणाला, एसीचं पाणी असेल सर.

मी दाजींकडे बघितलं. ते म्हणाले, "नळीत पानं आडकली असत्याल. छताचा काय संबंध?"

पानंच होती, ते खरं. पण पत्र्याच्या छताला तुकडे, तुकड्यांना सांधे, प्रत्येक सांध्याला रबर. रबर वाळलं की सगळा भार नळ्यांवर येतो, आणि नळी तुंबली की पाणी सीटमागे. शिवाय हायड्रॉलिकचे सिलेंडर, सेन्सर, वायरींचे जुडगे. त्यातला एक सेन्सर रुसला की छत अर्ध्यात उभं राहतं आणि मग ना उघडी गाडी ना बंद. हे मी तिथे सांगत होतो तोवर दाजींनी त्या ओल्या मॅटिंगवर बोट ठेवून भाव खाली आणायला सुरुवात केलेली. चांगलाच आणला. बागायतदारांनी पत्र्याचीच गाडी घेतली. बादली माझी, सौदा दाजींचा. मॅटिंग मी बदलून दिलं, नळ्या गॅरेजमध्ये साफ करून घेतल्या. गाडी अजून चालते, मान्य आहे. त्यावरून प्रत्येक बारशाला आणि साखरपुड्याला दाजी सुरू करतात, "पाव्हणं कापडाच्या नादाला लागलं असतं तर!" मागच्या पावसात दारावरच्या रबरातून पाणी येतंय म्हणून तेच पाव्हणं माझ्या दुकानात आले होते. मी म्हटलं, रबर शिवता येत नाही, दाजींना विचारा.

आता दाजी जे कधीच सांगत नाहीत ते. बीएमडब्ल्यूने 2002 ला झेड-फोर आणली ती कापडी छताची. 2009 च्या नव्या गाडीला पत्र्याचं घडीचं छत दिलं. आणि 2018 ला तिसरी पिढी आणली तेव्हा परत कापडावर आले. 2009 च्या गाडीचं छत उघडायला 20 सेकंद लागायचे, आणि ते डिकीत बसलं की 310 लिटरची डिकी 180 वर यायची. 2018 च्या गाडीचं 10 सेकंदांत उघडतं, 50 च्या स्पीडपर्यंत चालत्या गाडीत उघडतं, आणि डिकी 281 लिटर ती 281 च राहते, छत वर असो की खाली. पोर्शेने 1996 पासून बॉक्स्टरचं कापड सोडलेलं नाही. मर्सिडीजने त्याच साली एसएलके काढून पत्र्याच्या छताची हवा केली, ती गाडी पुढे एसएलसी नावाने 2020 ला बंद झाली. कापड हलकं असतं आणि ते गाडीच्या सगळ्यात वरच्या भागात असतं, त्यामुळे वळणावर फरक पडतो. हे म्युनिक आणि स्टुटगार्टच्या इंजिनिअरांना कळतं, खडी क्रशरवर कळेलच असं नाही.

कापडी छताची प्रत्येक गाडी निर्दोष असं मी म्हणत नाही. 2002 च्या पिढीतल्या झेड-फोरमध्ये छताची मोटर खालच्या कोपऱ्यात बसवली आहे. नळी तुंबली की ती पाण्यात बुडते आणि जाते. त्या गाड्यांची ही ख्यातीच आहे, त्यामुळे ती बघताना छत निदान दोन-तीनदा उघडझाप करायला लावा आणि मोटर कण्हते का ऐका. बॉक्स्टर 2008 पर्यंतची असेल तर इंजिनातल्या आयएमएस बेअरिंगचं (आतल्या मधल्या शाफ्टचं बेअरिंग) काय केलंय ते आधी विचारा. ते तुटलं तर पूर्ण इंजिन जातं. 2016 नंतरच्या 718 बॉक्स्टरमध्ये तो प्रकार नाही. आणि बॉक्स्टरचं इंजिन सीटमागे मधोमध असतं, डिकी उघडली तर ऑइल आणि कूलंट भरायची तोंडं दिसतात, इंजिन नाही. पुढे एक डिकी, मागे एक डिकी, आणि गावातला प्रत्येक माणूस विचारणार, "इंजन दावा की." उत्तर तयार ठेवा.

सांगलीत वापरायचं म्हणाल तर छत उघडून फिरायचे दिवस मोजकेच. मार्च ते मे डोकं भाजतं, पावसाळा बंदच. उरतात ते थंडीचे महिने, आणि नेमका तेव्हाच उसाचा हंगाम. मागे दोन ट्रॉल्या लावलेला ट्रॅक्टर, रिफ्लेक्टरचा पत्ता नाही, आणि तुम्ही जेमतेम 1.3 मीटर उंचीच्या गाडीत, डोकं त्याच्या चाकाच्या उंचीला. रात्री उघडी गाडी काढूच नका. तासगाव बाजूला बागांची फवारणी चालू असेल तर त्याचाही वास नाकात. पण रविवारी पहाटे हायवे धरून साताऱ्याला जा, यवतेश्वरचा घाट चढून कासकडे वळा. तिथे मी त्याच बागायतदारांच्या शेजारी बसून गेलोय, छत खाली करून. तिथे मात्र दाजींशी माझं भांडण नाही. गाडी पत्र्याची होती तरी.

स्पीड ब्रेकरची भीती लोक उगाच घालतात. या गाड्यांचा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, आखूड, नव्या झेड-फोरचा 2470 मिलिमीटर, त्यामुळे मधलं पोट लांब सेडानपेक्षा कमी घासतं. घासतो तो पुढचा ओठ, म्हणून तिरकी चढवा. स्टेपनी सहसा नसते, पंक्चर किट असतं नाहीतर हवा गेली तरी थोडं चालणारे रनफ्लॅट टायर. टायर आत बाजूने झिजलेत का ते वाकून बघा. आणि टेस्ट ड्राइव्ह गुळगुळीत रस्त्यावर घेऊ नका. छत कापलेल्या गाडीची बॉडी पिळते. एक चाक खड्ड्यात जाऊ द्या आणि काचेच्या चौकटीतून, दाराच्या कडेतून कुरकुर येते का ऐका. आली तर गाडी खूप मार खाल्लेली, नाहीतर ॲक्सिडेंटची असू शकते.

पैशाचं थोडक्यात. दिल्ली किंवा कर्नाटक पासिंगची गाडी स्वस्त दिसते, पण एनओसी आणून एमएच 10, म्हणजे सांगली पासिंग, करताना इथला टॅक्स परत भरावा लागतो, तो धरून तुलना करा. इन्शुरन्समध्ये रबर-प्लॅस्टिकच्या पार्टला 50 टक्के घसारा कापतात, आणि जुन्या गाडीला झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारी पॉलिसी, सहसा मिळत नाही. सर्व्हिसला गाव सोडावंच लागेल. गाडी घेतल्यावर वॉशिंग सेंटरवाल्याला प्रेशरचा पाइप छताला टेकवू देऊ नका, ओलं छत घडी करून ठेवू नका, आणि गाडी शेवग्याच्या किंवा चिंचेच्या झाडाखाली लावू नका. त्या बारीक पानांनीच नळ्या तुंबतात.

घ्यावी का, असं विचारलंत. घरात दुसरी चार दारांची गाडी असेल तर घ्या. नसेल तर नको, कारण लहान मूल, म्हातारे आईवडील आणि भाजीची पिशवी हे सगळं एका सीटवर बसत नाही. उंची सहा फुटांच्या वर असेल किंवा कंबर दुखत असेल तर छत बंद करून अर्धा तास आत बसून बघा, मगच भावाचं बोला. इंजिन आणि गिअरबॉक्सचं स्कॅनिंग त्यातल्या माणसाकडून करून घ्या, त्यातलं मला कळत नाही. आणि बादलीला डीलर नाही म्हणाला तर तिथे चहासुद्धा घेऊ नका.